एप्रिलअखेर फ्रेंडशिप पीक: हिमस्खलनाचा धोका कसा जोखायचा, तयारी नागपुरातच कशी करायची?

प्रश्न — गोरेवाडा_पायी

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे पाच जण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मनालीकडे फ्रेंडशिप पीकला, म्हणजे 5,289 मीटरला जायचं ठरवतोय. रस्ता नेहमीचाच: सोलंग, धुंदी, बकरथाच आणि वर. पाचही जणांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स वापरता येते. हिमस्खलनाबद्दल मात्र कोर्समध्ये एक लेक्चर झालं तेवढंच.

ज्यांच्याकडून गाइड आणि तंबू घेतोय ते म्हणतात, "एप्रिल-मेमध्ये अ‍ॅव्हलांच नसतो, तो जानेवारी-फेब्रुवारीचा विषय." हे कितपत खरं? दुसरं, ते पाच जणांत दोन ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला सिग्नलवरून शोधायचं, अंगावर बांधायचं यंत्र) भाड्याने देतो म्हणतात, तेवढे पुरतात का? तिसरं, सरकारी इशारे इथून बघून काही अंदाज येतो का? आणि शेवटचं, आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला. मग सराव करायचा तरी कुठे?

उत्तर 1 — समोच्चरेषा

गाइडवाल्यांचं पहिलं वाक्य चूक आहे. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली ती 4 ऑक्टोबर 2022 ला, 27 जण गेले आणि दोघे बेपत्ता राहिले. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर 4 एप्रिल 2023 ला हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. ऑक्टोबर आणि एप्रिल, दोन्ही "सीझन नसलेले" महिने. महिना बघून धोका ठरत नाही. तीव्र उतार, त्यावरचा बर्फ आणि त्याला ढकलणारं काहीतरी, हे तिन्ही एकत्र आलं की तो सुटतो. यातलं बर्फ आणि हवामान तुमच्या हातात नाही. उतार कुठला निवडायचा ते आहे, आणि ते काम नागपुरात टेबलावर बसून होतं.

स्लॅब, म्हणजे एकसंध सुटणारे बर्फाचे थर, सुटतात ते बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर. 30 च्या खाली क्वचित, 50 च्या वर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. दगड चढणाऱ्याला 35 अंश किरकोळ वाटतो. बर्फात नेमका तोच सगळ्यात वाईट टप्पा.

1:50,000 चा नकाशा घ्या. आधी खाली छापलेलं समोच्चरेषांचं अंतर बघा, 20 मीटर आहे की 40. 40 असेल तर 30 अंशांच्या उतारावर दोन रेषांमध्ये कागदावर साधारण 1.4 मि.मी. जागा राहते, 45 अंशांवर 0.8 मि.मी. अंतर 20 मीटर असेल तर हेच आकडे निम्मे करा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर 1.4 मि.मी.च्या खुणा करून ती मार्गावर फिरवा. रेषा त्याहून दाटल्या तिथे लाल पेन्सिल. मग ज्या उतारावरून चालणार तेवढाच नको, तुमच्या डोक्यावर जो उतार आहे तोही रंगवा. सपाट नाल्यातून चालताना वरचा उतार तुमच्या अंगावर येऊ शकतो, आणि बर्फाखाली कमकुवत थर लांबवर पसरलेला असेल तर खालून चालणाऱ्याच्या वजनानेही वरचा भाग सुटतो.

मोबाइलवरचे उताराचे रंगीत नकाशे वापरा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. त्यामागची उंचीची माहिती बहुतेक 30 मीटरच्या चौकटीची असते. पंधरा मीटरचा 40 अंशांचा छोटा टेकाड तिच्यात सपाट होऊन 28 दिसतो. माणूस गाडायला पंधरा मीटर खूप झाले.

जागेवर मोजायला क्लिनोमीटर नसेल तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी दाबून ठसा उमटवा. मग तिचं टोक ठशाच्या वरच्या टोकावर टेकवून काठी बाहेरच्या बाजूला झुकती धरा. तिच्या मुठीपासून दुसरी काठी ओळंब्यात लोंबू द्या, आणि हात वर-खाली करत तिचं टोक बर्फाला जेमतेम टेकेल असं आणा. ते ठशाच्या खालच्या टोकावरच टेकलं तर उतार 30 अंश. त्याच्या खाली टेकलं तर दर 10 सें.मी.ला साधारण 3 अंश वाढवा, वर टेकलं तर तेवढेच कमी करा. हा हिशेब सव्वा मीटरच्या आसपासच्या काठीचा. रामटेकच्या टेकडीवर दोन-चारदा करून बघा, हात बसतो. उगाच नजरेने अंदाज करू नका, खालून बघताना उतार जास्त वाटतो आणि वरून बघताना आणखीच वेगळा.

तंबूच्या जागेबद्दल एक. धुंदीच्या वरच्या भागात भोजपत्राची झाडं दिसतील. चढाच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या, खोड खाली वाकलेलं, किंवा झाडीत मधेच सरळ मोकळा पट्टा दिसला तर तो हिमस्खलनाचा नेहमीचा रस्ता आहे. तिथे दुपारचा डबासुद्धा खायला बसू नका. तंबूच्या जागेवरून वरच्या उताराच्या माथ्याकडे कोन मोजा. 18-20 अंशांच्या खाली असेल तर मोठ्या घसरणीचीही धाव सहसा तिथवर येत नाही.

उत्तर 2 — हिमरेषा_विदर्भ

सरकारी इशाऱ्यांबद्दल. हिमस्खलनाचा अंदाज डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन खात्याची, डीजीआरई ही संस्था देते. पूर्वी मनालीला तिचं नाव सासे होतं, 2020 मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन होऊन नाव बदललं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि इशारा साधारण असा येतो: अमुक जिल्ह्यात तमुक मीटरच्या वर, पुढच्या 24 तासांत, मध्यम धोका.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या उताराचा नसतो. कुल्लू जिल्ह्यात एकाच सकाळी उत्तरेचा उतार थंडीतल्यासारखा कोरडा आणि पूर्वेचा चिखल झालेला असू शकतो. दोन, तिसऱ्या पायरीला लोक "मधली" समजतात आणि निघतात. माणसं मरतात ती मोठ्या प्रमाणात याच तिसऱ्या पायरीवर. चौथ्या-पाचव्याला कुणी घराबाहेरच पडत नाही.

इशाऱ्यासोबत शिमल्याच्या हवामान केंद्राचा अंदाज रोज वाचा, निघायच्या दहा दिवस आधीपासून. पश्चिमी झंझावात येतोय का, किती दिवस, आणि हिमपाताची पातळी किती मीटरवर, एवढं वहीत लिहीत जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल-नरखेडकडे संत्र्यावर गारपीट होते तेव्हा बातमीत पश्चिमी झंझावाताचं नाव ऐकता ना, तोच. आकडा लक्षात ठेवा: 24 तासांत 30 सें.मी. नवा बर्फ आणि सोबत वारा, तर पुढचे किमान दोन दिवस तीव्र उतारावर पाय नाही. वारा असेल तर 30 सें.मी. पडायचीही गरज नाही. धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून तो दुसऱ्या बाजूला पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पट वेगाने साठवतो. वाऱ्याच्या आडोशाची बाजू गुळगुळीत, फुगीर, काठीने ठोकली तर पोकळ आवाज देणारी असते. चालायला सुखाची वाटते म्हणून लोक नेमके तिकडेच वळतात.

चार खुणा दिसल्या तर चर्चा न करता मागे फिरायचं: आजूबाजूच्या तशाच उतारावर ताजी घसरण, पायाखालून "धप्प" असा दबका आवाज येऊन बर्फ खचणं, बुटापासून निघून पुढे पळणाऱ्या चिरा, आणि तापमानाची एकदम उडी. दुसरी आणि तिसरी खूण म्हणजे थर आत्ताच मोडलाय, फक्त तुम्ही सपाट जागी होतात.

वेळ मिळाला तर खड्डा खणून बर्फाचे थर बघा. जमिनीलगत साखरेसारखे सुटे, न चिकटणारे दाणे हाताला लागले तर वरचा सगळा भार अशा थरावर उभा आहे. थंडीत बर्फ उथळ आणि हवा फार गार असली की हे दाणे तयार होतात. थरात दर 10 सें.मी.ला 1 अंशापेक्षा जास्त तापमानाचा फरक पडला की कणांतली वाफ वर सरकते आणि कणांचे जोड सुटतात. चाचणी करायची तर चढाच्या दिशेने 30 सें.मी. आणि आडवा 90 सें.मी. असा बर्फाचा स्तंभ चारही बाजूंनी मोकळा करा. एका टोकाला फावडं आडवं ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 ठोके द्या. चीर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावली तर त्या दिवशी तसले उतार बंद.

उत्तर 3 — सकाळी_नऊ

वरच्यांचं बहुतेक पटतं, पण खड्ड्याच्या बाबतीत नाही. पाच नवखे, एक लेक्चर, आणि एप्रिलअखेरचा बर्फ, अशात चाचणीचा निकाल घातक ठरतो. चीर धावली नाही की माणूस त्याला परवानगी समजतो. ती चाचणी त्या एका चौकटीपुरती असते, 20 मीटरवर थर वेगळा असू शकतो. निकाल वाईट आला तर मागे फिरा, चांगला आला तर तो विसरून जा. एवढं पथ्य पाळता येत असेल तरच खणा.

तुमच्या तारखांना मुख्य शत्रू ओला बर्फ आहे आणि त्याचा हिशेब घड्याळावर चालतो. वसंतात बर्फाचा सगळा थर शून्य अंशाला येतो. दिवसा वितळलेलं पाणी आत झिरपतं, कणांचे जोड ढिले होतात. रात्री वरचं कवच गोठलं की सकाळी तेच तुम्हाला धरून ठेवतं. म्हणून रात्री तंबूतून डोकं काढून आकाश बघायचं. चांदण्या लखलखीत असतील तर बर्फ उष्णता वर फेकून देतो आणि चांगला गोठतो, हवेचा पारा शून्याच्या थोडा वर असला तरी. ढगाळ रात्री हवा गार वाटूनही कवच धरत नाही. पहाटे एकला उठून बूट ठोकून बघा. टाच रुतत नसेल तर निघा. बूट मऊ बर्फात जात असेल तर परत झोपा, तो दिवस गेला.

वेळ अशी. वरच्या कॅम्पवरून पहाटे 1 ते 2 च्या दरम्यान निघणं. त्या दिवसांत तिकडे पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं आणि पूर्वेकडचे उतार लगेच तापायला लागतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. नऊ वाजता तीव्र उतार तुमच्या वर राहिलेला नको, माथा झालेला असो वा नसो. घोट्यापर्यंत पाय जायला लागला म्हणजे परतायची वेळ झाली, गुडघ्यापर्यंत गेला म्हणजे ती टळून गेली. खडकांच्या पट्ट्याखालून बर्फाचे गोळे घरंगळायला लागले की तो पट्टा तापलाय, त्याच्या खालून जायचं नाही.

एक वेगळा दिवस ओळखून ठेवा. एप्रिलअखेर एखादा झंझावात येऊन जुन्या कडक कवचावर 15-20 सें.मी. नवा बर्फ टाकून जातो. दुसऱ्या दिवशी आकाश निळं, ऊन कडक, फोटोला झकास. हा पहिला उन्हाचा दिवस सगळ्यात वाईट. नवा बर्फ दोन-तीन तासांत ओला होतो आणि जुन्या कवचावरून सुटतो. थांबायचं. त्यासाठी जादाचे दोन दिवस हवेत. नागपूरचं परतीचं कन्फर्म तिकीट खिशात असलं की माणूस उताराला नाही, गाडीच्या वेळेला विचारून निर्णय घेतो. तिकीट दोन दिवस पुढचं काढा.

धारेवर कॉर्निस असते, म्हणजे वाऱ्याने धारेबाहेर लोंबता साठलेला बर्फ. तिची तुटण्याची रेषा वाटते त्यापेक्षा बरीच आत असते, म्हणून धारेच्या टोकाला जाऊन खाली डोकावणं बंद. उन्हं लागल्यावर तिच्या खालून जाणंही बंद.

गोरेवाडा_पायी

धन्यवाद जी सगळ्यांना. तिकीट बदलतो. दोन ट्रान्सीव्हरचं मात्र कुणी बोललं नाही. आणि ज्या उताराला पर्यायच नाही तो ओलांडायचा कसा? आधी गेलेल्या ग्रुपच्या पायवाटेने गेलं तर चालतं ना?

उत्तर 4 — प्रोब_280

पाचात दोन म्हणजे तीन माणसं सापडणार नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर एक ट्रान्सीव्हर, प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि एक फावडं. गाइड आणि हेल्परसुद्धा यात आले. एकही वस्तू कमी असेल तर बाकी दोन निरुपयोगी. ट्रान्सीव्हरने जागा कळते, प्रोबने खोली, फावड्याने माणूस निघतो. प्रोब 240 ते 320 सें.मी.ची, फावड्याचं पातं धातूचं. प्लॅस्टिकचं पातं दगडासारख्या घट्ट झालेल्या बर्फावर वाकतं. हिमस्खलन थांबलं की तो बर्फ काही क्षणांत आवळतो, आणि मीटरभर खाली गाडलेल्या माणसासाठी टनभर बर्फ उपसावा लागतो.

घाई कशाची तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांची. तेवढ्यात बाहेर काढलेली बहुतेक माणसं जगतात. पस्तीस मिनिटांवर हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं. मनालीहून कुणी येईपर्यंत ही वेळ संपलेली असते, म्हणून शोधणारे तुम्हीच. सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय आपल्या देशात वापरता येत नाही, तो परदेशातून मागवून नेऊ नका. अडकाल ते वेगळंच.

ट्रान्सीव्हर आतल्या कपड्यावर पट्ट्याने बांधायचा, जॅकेटच्या आत. सॅकमध्ये नाही, सॅक वाहून जाते. सगळे 457 किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी चालतं. तीन अँटेनांचे डिजिटल घ्या. भाड्याने जुने एक अँटेनावाले गळ्यात मारतात, ते आवाजावर चालतात आणि नवख्याला जमत नाहीत. मोबाइल बंद किंवा फ्लाइट मोडवर, यंत्र सिग्नल पाठवत असताना ट्रान्सीव्हरपासून 20 सें.मी. दूर, दुसऱ्याचा शोधत असताना 50 सें.मी. बॅटरी पुस्तिकेत लिहिलेल्याच, बहुतेक वेळा अल्कलाइन, नव्या. रिचार्जेबल टाकलात तर टक्केवारी खोटी दिसू शकते. आणि नागपूरच्या मे महिन्यात यंत्र कपाटात ठेवायचं असेल तर सेल काढून ठेवा, गळतात.

रोज निघताना एकाने यंत्र शोधावर ठेवून उभं राहायचं, बाकीच्यांनी एकेक करून समोरून जायचं, प्रत्येकाचा सिग्नल ऐकू आला पाहिजे. मग शेवटी त्याचाही तपासायचा. दोन मिनिटांचं काम.

कुणी गाडला गेला तर: आधी वर बघा, आणखी काही यायचंय का. शेवटी दिसला ती जागा एकाने नजरेत धरून ठेवायची. बाकी सगळ्यांनी यंत्रं शोधावर. एकाचं जरी पाठवण्यावर राहिलं तर सगळे त्याच्याभोवतीच फिरतात, हा गोंधळ सरावातसुद्धा दर वेळी होतो. घसरणीच्या पट्ट्यात 40-50 मीटरचं अंतर ठेवून फिरा, सिग्नल लागला की बाणामागे जा. यंत्रावरचा अंतराचा आकडा 10 च्या आत आला की वेग कमी. 3 वर आला की यंत्र बर्फाला टेकवून हळू सरकवा, फिरवू नका. सगळ्यात लहान आकडा आला की तिथून काटकोनात डावी-उजवीकडे बघा. सगळ्यात लहान आकड्याच्या जागी प्रोब. ती बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात घालायची, 25-25 सें.मी. अंतराने गोल गोल बाहेर. लागली की तशीच राहू द्या.

खणायचं प्रोबच्या डोक्यावरून नाही. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरकून तिथून आडवं आत शिरा. एक जण पुढे पातं मारेल, मागचे बर्फ मागे ढकलतील, दर मिनिटाला पुढचा बदला. आधी तोंड आणि छाती मोकळी करा. श्वास नसेल तर आधी पाच श्वास द्या, मग छाती दाबणं, कारण इथे बहुधा दम कोंडलेला असतो. अंग गार पडलं असेल तर हलक्या हाताने हलवा.

आता उतार ओलांडणं. आधीची पायवाट हा कसलाच पुरावा नाही. पहिले चार जण गेले आणि पाचव्याच्या पायाखाली सुटला असं होतं, कारण थर जिथे पातळ असतो तिथेच भार आतपर्यंत पोहोचतो, आणि तुमचा पाय नेमका तिथे पडू शकतो. त्यातून वाट पहाटे चारची असते, तुम्ही सातला पोहोचता. ओलांडायचंच असेल तर शक्य तेवढं वरून, एका वेळी एकच जण. बाकीचे खडकाच्या आडोशाला थांबून बघतात. सॅकचा कंबरपट्टा आणि छातीची पट्टी सोडलेली, काठ्यांचे फास मनगटातून काढलेले. खाली नाला, खड्डा किंवा कडा असेल तर तो उतार मोजायचाच नाही, सोडायचा. लहानशी घसरणही नाल्यात माणसावर तीन-चार मीटर बर्फ साठवते.

उत्तर 5 — हिमरेषा_विदर्भ

सरावाची जागा राहिली. शोधाच्या सरावाला बर्फ लागत नाही. कन्हानच्या पात्रात उन्हाळ्यात भरपूर कोरडी रेती असते. एक ट्रान्सीव्हर पाठवण्यावर ठेवून प्लॅस्टिकच्या डब्यात घाला. स्टीलचा डबा नको, सिग्नल अडतो. डब्यावर फूटभर चौकोनी प्लायवूड ठेवून पोत्यात बांधा आणि 60-70 सें.मी. पुरा. प्लायवूडमुळे प्रोबचा ठोका कळतो आणि यंत्र फुटत नाही. त्याहून खोल खणू नका, रेतीच्या भिंती ढासळतात. खापरखेड्याच्या बाजूला हाय टेन्शन लाइनखाली करू नका, यंत्र वेड्यासारखे आकडे दाखवतं. पुरणाऱ्याने जागा सांगायची नाही आणि पुरल्यावर आजूबाजूची रेतीही तुडवून ठेवायची, नाहीतर लोक पावलं बघून शोधतात. पहाटे करा, नऊनंतर तिथे उभं राहवत नाही.

"सापडला" ते "डबा हातात" याचंही घड्याळ लावा. बहुतेक ग्रुप शोध चार मिनिटांत संपवतात आणि खणण्यात दहा घालवतात.

गोरेवाडा_पायी

रविवारी पहाटे पाचला कन्हानला जमतोय. भाड्याच्या यंत्रांचं त्या लोकांना विचारलं: अँटेना किती, पाच मिळतील का. उत्तर आलं, "सर, तीन अँटेनावाले तीनच आहेत." बाकी दोन दिल्लीहून मागवता येतात का बघतो. नाहीच मिळाले तर माथा राहू द्या, ब्यासकुंडापर्यंतच जाऊ.

उत्तर 6 — समोच्चरेषा

ब्यासकुंडापर्यंत गेलात तरी पट्टी घेऊन नकाशा रंगवाच. एप्रिलअखेर त्या खोऱ्यातही दोन्ही बाजूंचे उतार वाटेवर उतरतात. सकाळी जा, उन्हं वर यायच्या आत परता.